बॅरलमध्ये मुरवलेली कडक बिअर कशी चाखावी: टेस्टिंग शिकायला आलेल्यांसाठी

ब्रुअरीत, बारमध्ये किंवा टेस्टिंग पॅनेलवर काम करायचं म्हणून मुंबईत बिअर चाखायला शिकणारे बहुतेक जण बॅरल-एज्ड स्टाउटपाशी, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेल्या काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरपाशी, अडखळतात. पहिल्या घोटालाच व्हिस्की जाणवते आणि वहीत ‘बर्बन, व्हॅनिला, मस्त’ एवढं लिहून मंडळी मोकळी होतात. लाकडाने काय दिलं, लाकडात मुरलेल्या दारूने काय दिलं आणि मूळची बिअर अजून शाबूत आहे का, हे तिन्ही वेगळं काढता आलं की चाखणं जमलं म्हणायचं.

बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की; तिला तिथे कायद्यानेच आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप लागतं. म्हणून एकदा वापरलेली, साधारण 200 लिटरची पिंपं बाहेर पडतात आणि ब्रुअरीवाले ती घेतात. शिकागोच्या गूज आयलंडने 1990 च्या दशकात अशा पिंपांत इम्पीरियल, म्हणजे जास्त कडक, स्टाउट मुरवायला घेतला आणि ही शैली पसरली. लाकडातल्या लिग्निनमधून व्हॅनिला येतो, अमेरिकन ओकच्या लॅक्टोनमधून खोबरं, युजेनॉलमधून लवंग, जळक्या थरातून धूर. फळ्यांत शोषलेली दारू बिअरमध्ये उतरते, त्यामुळे अल्कोहोलही थोडं चढतं.

आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत बिअरला 8 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. त्यामुळे 11 ते 14 टक्क्यांच्या बाटल्या वाइन शॉपमध्ये शोधू नका. त्या बहुतेक परदेशातून येणाऱ्याच्या सामानातून येतात. महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना लागतो, तो आधी काढून ठेवा. आणि हा हिशेब पाठ करा: 12 टक्क्यांच्या 330 मिलि बाटलीत साधारण 40 मिलि शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे 30 मिलिचे तीन पेग. एक बाटली पाच जणांत वाटा, प्रत्येकी 60 मिलि. घरी लोकलने किंवा टॅक्सीने जा.

ग्लास ब्रँडीचा किंवा ट्यूलिपचा घ्या, निम्म्याहून कमी भरा. पावसाळ्यात बंद कपाटातल्या ग्लासला कुबट किंवा डांबरगोळीचा वास लागतो; साध्या पाण्याने विसळून, उलटा ठेवून निथळू द्या. ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे, बदला. आपल्या दमट हवेत थंड ग्लास बाहेरून लगेच घामेजतो. रंग पाहण्याआधी तो पुसला नाही तर काठावरची लालसर छटा दिसत नाही. फेस पटकन बसला म्हणून गुण कापू नका. एवढ्या अल्कोहोलमध्ये तो टिकत नाही.

फ्रिजमधून काढल्या काढल्या बिअर 4 अंशांना असते आणि तेव्हा फक्त कडूपणा आणि भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव लागते. पहिला वास 8-9 अंशांना घ्या, मुख्य नोंद 12-14 ला, शेवटचा घोट 18 च्या आसपास. एसी नसलेल्या खोलीत हे टप्पे भराभर निघून जातात, म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळ असू द्या.

नाक थेट ग्लासात घातलं तर अल्कोहोलने ते बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, छोटे छोटे श्वास घ्या. पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून घ्यायचा, त्यावर काही लिहायचं नाही. दुसरा घोट तोंडभर फिरवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. खोबरं, लवंग, धूर तिथे उलगडतात. मग जीभ पुढच्या हिरड्यांवरून फिरवा. खरखरीत, कोरडं लागलं तर ते लाकडाचं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट पदार्थ. हॉप्सचा (बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा) कडूपणा जिभेच्या मागे रेंगाळतो. नवशिके या दोघांत हमखास गल्लत करतात. दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि लादीपावाचा आतला मऊ भाग पुरे. चहा, शेव, शेंगदाणे नंतर.

सगळ्यात उपयोगी सराव तीन ग्लासांचा. एकात साधा कडक स्टाउट, दुसऱ्यात 20 मिलि बर्बन आणि 40 मिलि पाणी (साधारण 14 टक्के होतं), तिसऱ्यात बॅरलची बिअर. आळीपाळीने हुंगा. तिसऱ्यात दुसराच ग्लास भेटत असेल आणि पहिला कुठेच नसेल, तर पिंपाने बिअर गिळली आहे. अंग पातळ झालेलं असतं, चॉकलेट-कॉफी हरवलेली असते. अशा बिअरची स्तुती फार होते. आम्ही तिला चांगली म्हणत नाही.

दोष ओळखताना कारणापर्यंत जा. ताकासारखा आंबटपणा लॅक्टोबॅसिलस या जिवाणूचा. तो लाकडाच्या छिद्रांत खोल दडतो, गरम पाणी तिथवर पोचत नाही. लोण्याचा वास पेडिओकोकस या जिवाणूकडे बोट दाखवतो. शिरक्याचा झोंबरा वास म्हणजे पिंपात हवा शिरली: ते अपुरं भरलं होतं, किंवा रिकामं पडून फळ्या सुकल्या आणि फटी पडल्या. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास इथिल ॲसिटेटचा. सोया सॉस आला तर बहुधा यीस्टच्या पेशी फुटल्या आहेत. ओला पुठ्ठा ऑक्सिडेशनचा. जुलैत दुकानाबाहेर भिजलेलं खोकं हुंगून ठेवा, आयुष्यभर लक्षात राहील. मात्र शेरी, खजूर, काळ्या मनुका हेही ऑक्सिडेशनचंच देणं आहे आणि थोड्या प्रमाणात ते हवंसं असतं.

बीजेसीपी, म्हणजे बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था; तिच्या गुणपत्रिकेत 50 पैकी वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण ठशाला 10 गुण असतात. 2021 च्या मार्गदर्शिकेत दारूच्या पिंपातली बिअर 33बी या वर्गात येते, नुसत्या लाकडातली 33ए मध्ये. गुण लिहून होईपर्यंत टेबलावर कोणी बोलायचं नाही. एकाने ‘खोबरं’ म्हटलं की सगळ्यांना खोबरं लागतं.

राखून ठेवायची बाटली उभी, अंधारात, 10-13 अंशांना ठेवा. मुंबईतल्या 30 अंशांच्या माळ्यावर एक उन्हाळा गेला की पुठ्ठा आधी येतो, मनुका नंतर.