थ्रॉटल बॉडीतली काजळी घरीच कशी काढावी

जालन्यात घर ते मोंढा, मोंढा ते शाळा एवढंच जिचं फिरणं, ती पेट्रोल गाडी कार्बन धरतेच. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. वर उन्हाळ्यात एसीसाठी उभ्या गाडीतच अर्धा तास. मग सिग्नलला गाडी थरथरते, पिकअप मरतो आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘डिकार्बन करून टाका,’ म्हणजे इंजिनातली काजळी काढून घ्या. खर्चात पडण्याआधी थ्रॉटल बॉडी बघा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप.

इंजिन गार असू द्या, गाडी मोकळ्या हवेत लावा, जवळपास बिडी-काडी नको. १० नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस वायर सोडवा. एअर फिल्टरचा पाइप काढा. फिल्टर धुळीने लाल झालेला दिसला तर तोही आजच बदला. पाइपावर सेन्सर असेल तर त्यावर स्प्रे मारायचा नाही.

आत पितळी रंगाची चकती दिसेल. तिच्या कडेला काळं, चिकट कडं बसलेलं असतं, तव्याच्या बुडाला धरतं तसं. गाडी उभी असताना इंजिनला हवा मिळते ती याच केसभर फटीतून. ती बुजली की थरथर सुरू. थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर मारा आणि कडं पुसा, चकतीची मागची बाजूही. थेट आत फवारे नकोत आणि रॉकेल तर नकोच. चकती एका बोटाने हळू उघडा. मी एकदा किल्ली ऑन ठेवूनच ती ढकलली होती. आतला प्लास्टिकचा गिअर गेला आणि अख्खी बॉडी बदलावी लागली.

सगळं वाळलं की जोडा, एसी बंद ठेवून गाडी सुरू करा. आधी थोडी खोकेल, धूरही येईल. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नका. काही गाड्यांचा आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, चढाच राहतो. त्यांना स्कॅनर लावून थ्रॉटल शिकवावं लागतं, म्हणजे चकतीची बंद जागा गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने ओळखवावी लागते. मग समृद्धीवर तासभर एकसारख्या वेगाने चालवून आणा.

काजळी इंजिनात हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हवरही धरते. साध्या एमपीएफआय इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरच पडतं, ते धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, तसं होत नाही, तिथे व्हॉल्व्ह साफ करायला मॅनिफोल्ड, म्हणजे हवेचा फाटा, उतरवावाच लागतो. डिझेलचा ईजीआर, म्हणजे धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्हही, फिटरकडेच न्या.

जाता जाता एक स्पार्क प्लग काढून बघा. कोरडी काजळी असेल तर मिश्रण जाड आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. तेलाने ओला असेल तर पिस्टनची रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलंय, आणि महिन्याभरात सगळं पुन्हा काळं होणार.