फिर्गजेच्या मृत्यूनोंदींतून गावाचा इतिहास कसा शोधावा

गोव्यात बार्देश, तिसवाडी, सालसेत या जुन्या काबिजादींतल्या (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या) गावाचा इतिहास शोधायचा तर बहुतेक जण आधी फिर्गजेच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, बाप्तिस्म्याच्या वह्या मागतात. वंशावळीसाठी ते ठीक. पण गावात साथ कधी आली, कोणता वाडा रिकामा झाला, सिमितेर (दफनभूमी) कधी बांधलं, हे मृत्यूच्या वहीत सापडतं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूनोंदीचा नमुनाच ठरवून दिला होता. त्यामुळे एकदा नजर बसली की पानामागून पान वाचता येतं.

आधी विगारांना (चर्चच्या मुख्य पाद्रींना) भेटून फिर्गजेत कोणत्या वर्षांच्या वह्या आहेत ते विचारा. जुन्या वह्यांसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यातही चौकशी करा. १९१४ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हा त्यानंतरचे मृत्यू सरकारी नोंदींतही ताडून पाहता येतात.

लिहायला फक्त पेन्सिल न्या. बोट ओलं करून पान उलटू नका; या वह्यांच्या शाईत लोह असतं, ती कागद खाते आणि ओळीवरच पान तुटतं. मागची शाई पुढे दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा. परवानगी असेल तर फोटो काढा. शाई फिकी तपकिरी असेल तर फोटोतला फक्त निळा रंगस्तर उघडून कृष्णधवल करा, अक्षरं ठळक होतात.

पोर्तुगीज येत नसेल तरी अडत नाही, वीसेक शब्द पुरतात. फालेसेउ म्हणजे वारला, सेपुल्तादु म्हणजे पुरलेला, सोल्तैरु अविवाहित, व्हियुवा विधवा, बेशीगश म्हणजे देवीचा रोग. वर्ष बहुधा अक्षरांत असतं: मिल ओयतुसेंतुश दिसलं की १८०० ते १८९९ मधलं वर्ष. महिन्यांत मात्र हमखास फसगत होते. ७ च्या डोक्यावर बारीक ‘ब्रो’ लिहिलेलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ चा ऑक्टोबर, ९ चा नोव्हेंबर आणि रोमन दहाच्या फुलीचा डिसेंबर. हे चुकलं तर पावसाळ्यातली साथ दुसऱ्याच महिन्यात जाऊन बसते.

सुरुवात सर्वांत जुन्या पानापासून करू नका. सुवाच्य अक्षराच्या काळातल्या तीस नोंदी वाचा, मग मागे जा. प्रत्येक नोंदीसाठी तारीख, नाव, वय, आईबाप किंवा जोडीदार, वाडा, मरताना मिळालेले संस्कार आणि पुरल्याची जागा असे रकाने करा. वाड्याचा रकाना रिकामा सोडू नका. एकाच गावात एकाच नावा-आडनावाची चार माणसं असतात. ती वेगळी ओळखायची तर वाडा आणि आईबापच लागतात.

दहा वर्षांच्या नोंदी झाल्या की महिनावार मोजा. समजा, एरवी महिन्याला तीन-चार मृत्यू आहेत आणि एका महिन्यात वीस, तर तिथे थांबा. मृत्यूचं कारण अनेकदा लिहिलेलंच नसतं, ते नोंदींच्या घडणीवरून ताडावं लागतं. बहुतेक लहान मुलंच असतील तर देवी-गोवराचा संशय घ्या. सगळ्या वयाची माणसं दोन-तीन आठवड्यांत गेली आणि संस्काराच्या जागी ‘अचानक मृत्यू, संस्कार नाहीत’ असं पुन्हा पुन्हा आलं, तर पटकी (कॉलरा) शक्य आहे. पटकीत माणूस काही तासांत जातो, पाद्री पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. एकाच दिवशी एकाच वाड्यातली आई आणि दोन मुलं अशा सलग तीन ओळी दिसल्या की ती नोंद घाईने न उतरवता पूर्ण लिहून घ्या.

पुरल्याची जागाही नीट पाहा. आधी ‘या चर्चमध्ये’, काही वर्षांनी ‘सिमितेरात’ असं आलं की बदल कधी झाला ते कळतं. काही नोंदींत कोंफ्रारीच्या (चर्चमधल्या धार्मिक मंडळाच्या) थडग्याचा उल्लेख असतो. कोणती घराणी कोणत्या कोंफ्रारीत होती, हे त्यावरून समजतं.

वयावर विश्वास ठेवू नका. ४०, ५०, ६० हे आकडे इतके येतात की ते अंदाजच आहेत हे उघड आहे. बाप्तिस्म्याआधी गेलेली मुलं अनेकदा वहीत येतच नाहीत, म्हणून बालमृत्यू खऱ्याहून कमी दिसतात. मुंबईत कुडीत (गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात) राहणारा दर्यावर्दी तिथेच वारला तर त्याची नोंद मुंबईच्या चर्चमध्ये होते. गावच्या वहीत पुरुष एकाएकी कमी मरताना दिसले तर ते दीर्घायुषी झाले असं समजू नका. त्याच वर्षांत नवऱ्याच्या मृत्यूची नोंद नसलेल्या किती विधवा वहीत आहेत ते मोजा, आणि मग मुंबईतल्या चर्चच्या वह्या बघा.