जुना फ्रीज भंगारात घालताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की आमच्या बेळगावच्या शहापुरात घराघरातनं मोडकं सामान बाहेर निघतंय, आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघून जीव वैतागलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे तांब्याच्या आशेनं घरीच फ्रीज फोडत बसणं. कुणीतरी सांगतंय कॉम्प्रेसर वेगळा विकला की डबल पैसे, लगेच एक व्हिडिओ बघायचा आणि हॅक्सॉ घेऊन बसायचं. माझ्या भाच्यानं येळ्ळूरला हेच केलं. मी फोनवर सांगितलो, बाबा थांब, रविवारी मी येतो, पण त्याला धीर कुठला! अंगणात फ्रीज आडवा पाडला, पाईप कापली आणि फस्सकन गॅस आणि तेल थेट तोंडावर. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. चार हातावर आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. त्याच्या फ्रीजमध्ये आर १३४ए गॅस होता, तो पेटत नाही म्हणून निभावलं. आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६००ए असतोय, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा, एक ठिणगी पुरे होतेय त्याला. आणि १३४ए पेटत नाही म्हणून हवेत सोडायचा असं पण नाही, कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट उष्णता धरतोय तो.

पुढं ऐका. दोन दिवस छन्नी-हातोडा मारून कॉम्प्रेसर उघडला, आत लालसर तार बघून पोरगा खूश. भंगारवाल्यानं ब्लेडनं जरा खरवडून दाखवलं तर आत पांढरं, ॲल्युमिनियम! वरचं लाल ते नुसतं वार्निश. तांब्याला लोखंडाच्या दहापटीहून जास्त भाव असतोय हे खरं, पण प्रत्येक मोटरीत तांबं असतंय हे खोटं. आणि कॉम्प्रेसर काढलेला फ्रीज म्हणजे काय राहिला, पत्रा, प्लास्टिक आणि फोम. तो घ्यायला पण कोण तयार होईना, फोमचे तुकडे महिनाभर गल्लीत उडत होते, बहिणीला शेजाऱ्यांचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

मी काय करतो, आधी कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरचा फोटो काढतो, गॅसचं नाव तिथंच असतंय, पिवळ्या त्रिकोणात ज्वाळा असेल तर पेटणारा समजायचं. मग पहिला फोन भंगारवाल्याला नाही, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला. कॉम्प्रेसर चालू असेल तर तो पार्टसाठी म्हणून भंगारापेक्षा जास्त देतोय. तो नको म्हटला तरच गुजरीवाला, म्हणजे भंगारवाला, आणि वस्तू अख्खी, दार सोडलं तर एक स्क्रू न काढता.

दुसरी चूक वजनाची. "अण्णा, अंदाजे किती देता?" असं विचारलं की तुम्ही तिथंच हरला. आमच्या इथं उद्यमबागेत फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतणारे कारखाने आहेत, लोखंडाला गिऱ्हाईक कायम आहे, त्यामुळं किलोचा भाव विचारा आणि काटा तपासा. माझ्याकडं संपलेला गॅस सिलिंडर असला की तोच आधी काट्याला लावतो, रिकाम्याचं वजन त्याच्यावरच छापलेलं असतंय. थोडं जास्त दाखवलं तर तळाला गॅस राहिलाय, कमी दाखवलं तर काट्यात खोट. एकदा १५.८ चा सिलिंडर १३ वर थांबला. मी काही न बोलता त्याला आकडा दाखवलो, तो गाडीतनं दुसरा काटा घेऊन आला! सिलिंडर नसेल तर पाच लिटरचा पाण्याचा कॅन चालतोय, पाणी पाच किलो अधिक कॅनचं वजन.

वायरी जाळून तांबं काढू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतोय आणि जळक्या तांब्याला भाव पण कमीच मिळतोय.

मायक्रोवेव्ह उघडू नका, प्लग काढल्यावर पण कपॅसिटर करंट धरून असतोय.

जुन्या डबा टीव्हीची पिक्चर ट्यूब फोडू नका, काचेत शिसं असतंय.

इन्व्हर्टरची बॅटरी मोकळी करायला ॲसिड गटारात ओतणारे बघितलो की मला राग येतोय. नवीन घेताना जुनी तशीच दुकानात द्या, तेवढे पैसे बिलातनं कापून मिळतात.

एक्स्चेंजमध्ये देताना आधी एक्स्चेंजशिवायचा भाव विचारा, मगच जुनी वस्तू काढा. भंगारवाला पण घेईना अशी वस्तू असेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावा, १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांत जुन्या मालाची जबाबदारी कंपनीवर टाकलेली आहे.

आणि कृपा करून, फ्रीज न्यायला माणूस येईपर्यंत तो दारासकट बाहेर ठेवू नका. पोरं लपाछपी खेळताना आत बसतात, दार लागलं की आतली हवा संपतेय आणि हाक पण बाहेर येत नाही. बिजागरीचे दोन-तीन बोल्ट असतात, पाना लावा, दार काढा आणि भिंतीला टेकवून ठेवा. फ्रीज घराबाहेर काढायच्या आधी मी हेच काम करतो, मग चहा.