पिसाळलेल्या गायीचा नमुना नागपूरपर्यंत धड कसा पोचवायचा

"डाक्टरसायेब, गायीच्या घशात काई तरी अडकलं वाटते, हात घालून पायला." आमच्या यवतमाळकडे रेबीजची खबर बरेचदा अशीच येते. गाय लाळ गाळते, घोगरं हंबरते, आणि घरधनी ढेपेचा खडा शोधत कोपरापर्यंत हात घालून बसलेला असतो. आधी त्याचा हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, आणि लगेच लसीला पाठवा. रिपोर्ट नंतर येत राहील.

पक्कं निदान गाय मेल्यावर, मेंदूवरच होतं. ज्यानं स्वतः आधी लस घेतलेली आहे त्यानंच हात लावावा. जाड हातमोजे, मास्क, चष्मा हवाच. कुऱ्हाडीनं कवटी फोडू नका, शिंतोडे उडतात. मुंडकं पुढं वाकवलं की कवटी आणि पहिल्या मणक्यामधली फट बोटाला लागते. तिथं सुरी घाला. आतलं भोक दिसलं की रसवंतीवाल्याकडची जाडसर स्ट्रॉ त्यातून डोळ्याच्या रोखानं फिरवत ढकला आणि हळूच बाहेर काढा. मेंदूचा देठ, लहान मेंदू, सगळं थोडंथोडं नळीत येतं. देठ आणि लहान मेंदू हे दोन्ही आल्याशिवाय 'रेबीज नाही' असं प्रयोगशाळा ठामपणे सांगू शकत नाही.

नवा होतो तेव्हा मी नमुना फॉर्मलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या रसायनात, बुडवून नेला होता. कॉलेजात सगळं फॉर्मलिनमध्येच टाकत होतो ना! बरणी बघून नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हा ताजा हवा होता." नेहमीच्या तपासणीत ताज्या मेंदूचा ठसा काचपट्टीवर घेऊन त्यावर चमकणारी प्रतिपिंडं सोडतात, विषाणू असला तर पोपटी ठिपके उजळतात. फॉर्मलिनमधल्या तुकड्यावर ती सरळ जमत नाही. नेग्री बॉडी, म्हणजे रेबीजमध्ये मेंदूच्या पेशीत दिसणारे बारीक गोळे, १९०३ पासून माहीत आहेत, पण त्या दिसल्या नाहीत म्हणून रेबीज नाही असं होत नाही.

म्हणून नमुना बर्फावरच न्या. मे महिन्यात आमच्याकडे बर्फाचं दुपारपर्यंत पाणी होतं. बर्फ नसेल तर ५० टक्के ग्लिसरीन-सलाइन चालतं. झाकणाची बाटली, तिच्यावर दोन पिशव्या, मग डबा. लाळ्या-खुरकूतच्या लसीचा एक जुना डबा मी यासाठीच वेगळा ठेवलाय, वर लाल रंगानं खूण करून.

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा आणि वेगळ्या पिशवीत घाला. बर्फाच्या पाण्यात शाई पसरते. जनावर कधी मेलं, कुत्रं कधी चावलं, आणि तोंडात हात कोणी कोणी घातला, सगळ्यांची नावं लिहा.