गड्डे मातीतून वर येत होते, त्यावरचा उपाय

हिवाळा सरला की बहुवर्षीय रोपांचे गड्डे (मुळं नि खोड जुळतात तो बुंध्याचा भाग) मातीतून उचकटलेले दिसायचे, मुळं उघडी. नुसत्या गारठ्यापेक्षा माती गोठून-वितळून सारखी फुगते-बसते, त्यानं हा घोटाळा होतो. म्हणून माती गोठायला लागल्यावरच ५ ते ८ सेंमी सुक्या पानांचं आच्छादन घातलं, गड्ड्याच्या डोक्याभोवती बोटभर जागा सोडून. नाहीतर तिथंच कुजतं. फार आधी घातलं तर उंदीर मुक्कामाला येतात! आच्छादन घालण्यापूर्वी भरपूर पाणी. नत्रखत उन्हाळा संपतानाच बंद, कोवळी फूट थंडीत टिकत नाही.

पिओनी या फुलझाडाची डाग पडलेली पानं जमिनीलगत कापून बागेबाहेर टाकली. इकिनेशिया या दुसऱ्या फुलझाडाची वाळकी बोंडं ठेवली, पक्षी बी टिपतात. यंदा बहुतेक गड्डे जागच्या जागी. एखादा वर आलाच, तो हलक्या हातानं दाबून बसवला.