बॅचसमोर आवाज फुटेना, तेव्हा

ब्लॅक बेल्ट मिळून वर्ष झालं होतं, पण लहान मुलांची बॅच एकटीने घ्यायची वेळ आली आणि घसा कोरडा पडला. हेइआन शोदान ही शोतोकान शैलीच्या कराटेतली सुरुवातीची काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, एकूण 21. मला ती अगदी अंगवळणी पडलेली. पण मुलांकडे तोंड करून ‘डावीकडे वळा’ म्हणत मी स्वतःच्या डावीकडे वळायचे आणि अर्धी रांग भलतीकडे जायची. मग मी आणखी भरभर बोलायचे.

सरांनी महिनाभर मला फक्त मोजणी दिली. इची, नी, सान, म्हणजे जपानीत एक, दोन, तीन. पोटातून, प्रत्येक आकड्यानंतर थांबून. आवाज तिथे मोकळा झाला. घरी आरशासमोर काता उलट्या बाजूने बसवली: तोंडाने ‘डावा गेदान बराई’ (हात खाली झटकून केलेला बचाव), हात मात्र उजवा. पंधरा दिवस डोकं भणाणून जायचं. नवी काता मी आता मुलांकडे पाठ करूनच दाखवते, ते सगळ्यात सोपं पडतं. आणि एका तासात एकच चूक सुधारते. आधी पाच-पाच सांगायचे.

गेल्या आठवड्यात 17व्या हालचालीवर सगळ्या रांगेची किआई, म्हणजे जोर लावताना पोटातून दिलेली आरोळी, एकदम उठली. मागच्या कोपऱ्यातल्या, कधीच न ओरडणाऱ्या मुलीचीसुद्धा.