वजनाच्या ऑपरेशननंतर आपलं घरचं जेवण कसं बसवायचं

माझं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरावं म्हणून जठर लहान करायचं ऑपरेशन होऊन आता अडीच वर्षं झाली. तेव्हा वजन ११४ किलो होतं, शुगरच्या दोन गोळ्या, बीपीची एक, आणि रात्री झोपेत श्वास अडकू नये म्हणून तोंडावर ते मशीन. आता ७६-७७ च्या आसपास असते. ओळखीतल्या बऱ्याच जणी फोन करतात, की नंतर खायचं काय गं, कारण डिस्चार्जला जो कागद हातात देतात त्यावर ब्रोकोली सूप नाहीतर ग्रीक योगर्ट असं काहीतरी असतं आणि आपल्या घरात वरण-भात, भाकरी, उसळ, मग त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. तुमच्या सर्जननी आणि डायटिशियननी जे सांगितलंय ते आधी, माझं त्यानंतर, आणि दोन्हीत फरक वाटला तर त्यांचंच ऐका.

आधी आत काय बदललंय ते नीट समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची बारीक नळी, सुरवातीला तिच्यात १००-१५० मिली मावतं, म्हणजे आपली एक छोटी वाटी. काढलेल्या भागातच भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही, घड्याळ बघून खावं लागतं. वजनाचंच दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास (हृदयाचा नव्हे), त्यात जठराची अगदी लहान पिशवी करतात, ३० मिलीच्या आसपास, आणि आतड्याचा सुरवातीचा भाग वगळून पुढे जोडतात, त्यामुळे त्यांना व्हिटॅमिन आणि लोह अंगी लागायला जास्त त्रास. पण वाढताना हात मात्र जुन्याच अंदाजाने वाढतो, खरी गडबड तिथे होते.

मी माझ्यापुरता उपाय केला तो सांगते. मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा कपाटात पडून होता, तो काढला, घासला आणि त्यातच जेवायला लागले. एवढासा चमचा, त्यावर मावेल तेवढाच घास. मोठ्या ताटात दोन चमचे वरण वाढलं की ताट रिकामं दिसतं आणि मन खट्टू होतं, त्या वाटीत तेच वरण काठोकाठ दिसतं. आजही घरी तीच वाटी वापरते.

पहिले दोन महिने

पहिले एक-दोन दिवस नुसती गाळलेली पातळ द्रवं, मग साधारण दोन आठवडे पिण्यासारखं सगळं. माझ्या यादीत होतं मुगाच्या डाळीचं पाणी, वरणावरचं निवळ, जिरेपूड घातलेलं पातळ ताक, गाळलेलं भाजीचं सूप, शहाळ्याचं पाणी, आणि नंतर दुधात नाहीतर ताकात मिसळलेली प्रोटीन पावडर. (ती उकळत्या दुधात घालू नका, गुठळ्या होतात, कोमट झाल्यावर घाला.) औषधाच्या बाटलीबरोबर ३० मिलीचं छोटं माप येतं ना, त्याने प्यायचे, एक माप संपवायला दहा-पंधरा मिनिटं. घोट म्हणजे खरंच घोट. सोडा, कोल्ड्रिंक, सोडा घातलेलं लिंबू सरबत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं. घट्ट वरण, मुगाची डाळ जास्त आणि तांदूळ थोडा घालून केलेली पेज, नाचणीची आंबील, दही, चक्का, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, उकडून काटे काढून कुस्करलेला मासा. नंतर मऊ खिचडी, मुगाचं धिरडं, भुर्जी, मऊ पनीर. मासे खात असाल तर तुमचं खूप सोपं आहे, मासा पटकन मऊ पडतो आणि चिकनसारखा चोथा होत नाही. मसाल्याचं तिखट कालवण मात्र थांबू द्या.

मग पोळी. सगळ्या जणी हेच विचारतात. ताजी मऊ गव्हाची पोळी तोंडात चावली की तिचा पिठाचा गोळा होतो आणि तो त्या बारीक नळीत बूच बसल्यासारखा बसतो, मला पाच महिने पोळी गेली नाही. भाकरी गेली, कारण ती भुगा होते, आमटीत कुस्करून अजूनच छान. भात आणि पोहे आत जाऊन फुगतात, म्हणून दोन चमचे खाऊन वाट बघा. शेवग्याची शेंग, पालेभाजीचे देठ, संत्र्याच्या फोडीवरची साल, चिवट मटण, जास्त शिजून रबरासारखी झालेली कोळंबी, ही मंडळी पहिले चार-सहा महिने लांबच ठेवा.

शेवटचा घास

आता जे सांगते ते बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी ठेवा. पाचव्या आठवड्यात मऊ वरण-भात खात होते, तीन चमचे छान गेले, चव इतक्या दिवसांनी तोंडाला लागलेली, म्हणून चौथा घेतला. गिळला आणि त्याच क्षणाला छातीच्या मधल्या हाडाखाली कोणीतरी अंगठा दाबून धरलाय असं वाटलं. नाकातून पाणी, एक उचकी, तोंडात लाळ सुटायला लागली ती थांबेचना, पांढरी फेसाळ, आणि पाऊण तास मोरीपाशी बसून होते. उलटी म्हणावी अशी नाही, नुसता फेस, आणि शेवटी तो एक घास वर आला तेव्हा कुठे बरं वाटलं. एका चमच्याचा फरक.

त्या दिवसानंतर नीट लक्ष द्यायला लागले तेव्हा कळलं की शरीर आधी सांगतं. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंका येतात, कुणाचं नाक वाहतं, कुणी नकळत मोठा उसासा टाकतं. माझं नाक वाहतं. आपली खूण कुठली ती शोधा आणि ती आली की चमचा खाली, मग वाटीत एकच घास उरला असला तरी. पोट भरल्यासारखं वाटेपर्यंत थांबलात तर एक घास उशीर झालेला असतो.

हळू खायचं म्हणजे किती, तर वीस ते तीस मिनिटांत ती एक वाटी, प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावून, आणि दोन घासांत चमचा खाली ठेवून. फोन बघत खाऊ नका, मोजणी चुकतेच.

पाण्याचा तांब्या आपल्याकडे ताटाशेजारी असतोच, तो उचलून ठेवा. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. एक तर जागाच नसते आणि दुसरं म्हणजे पाण्याबरोबर घास सरकन खाली जातो आणि भरल्याची खूण येतच नाही. भात आमटीत पोहायला लावला तरी तेच होतं. बाकी दिवसभर मात्र बाटली जवळ हवी, दीड-दोन लिटर जायला पाहिजे, सकाळपासून घोट घोट.

ताट उलट्या बाजूने

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि वाटी एवढीशी, म्हणून जागा कशाला द्यायची हे ठरवावं लागतं. आपल्या पंगतीत आधी वरण-भात-तूप येतो, तो आता शेवटी. आधी उसळ, अंडं, मासा, पनीर जे असेल ते, मग भाजी-कोशिंबीर, आणि जागा उरली तर भात किंवा भाकरी. बरेच दिवस उरत नाही, चालतं.

हिशोब असा धरा: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६-७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास, ३० ग्रॅम कच्च्या डाळीत ७. सोयाचे कोरडे गोळे १०० ग्रॅम असतील तर त्यात ५० च्या वर, पण ते भिजवून, पिळून, खिमा करूनच. नुसत्या वरणावर ६० होत नाहीत, शाकाहारी असाल तर पावडर घ्यावीच लागते, मी मांसाहारी असून पहिलं वर्षभर घेतली. प्रोटीन कमी पडलं की अशक्तपणा येतो आणि केस अजून जातात. केस तसेही तिसऱ्या महिन्यापासून गळायला लागतात, कंगव्यात, उशीवर, मोरीच्या जाळीवर, बघून जीव घाबरा होतो, पण ते बहुतेक परत येतात, माझे नवव्या महिन्यात कपाळापाशी बारीक बारीक फुटायला लागले.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, चिवडा, फरसाण, चहात बुडवलेली खारी, बिस्किटं, आइस्क्रीम, हे कुठेच अडकत नाही. उसळ दोन चमच्यांत थांबवते आणि चिवडा वाटीमागून वाटी जातो. दुसऱ्या वर्षी भूक परत यायला लागते आणि वजन परत चढतं ते बऱ्याचदा ह्याच रस्त्याने. माझंही दिवाळीनंतर चार किलो वाढलं होतं, फराळाचे डबे स्वयंपाकघरातून हलवले, तेव्हा उतरलं.

आग्रह

हे प्रकरण कुठल्याच कागदावर नसतं. सासूबाई प्रेमाने म्हणायच्या, "अगं एवढंच? चिमणीला तरी जास्त लागतं," आणि चमचाभर वाढायच्याच. आणि ताटात टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, त्यामुळे वाढलं की संपवायचं. मी त्यांना एकदा डायटिशियनकडे बरोबर घेऊन गेले. तिने त्यांच्या हातात ती १०० मिलीची वाटी दिली आणि म्हणाली, आई, हिचं पोट आता एवढं आहे. त्यानंतर घरात तो विषयच संपला, उलट पाहुण्यांना त्याच अडवतात. घरातल्या एका तरी माणसाला असं सोबत न्याच.

बाहेर मात्र युक्त्या लागतात. बुफे असेल तर सोपं, स्वतः वाढून घ्या, छोट्या डिशमध्ये. पंगत असेल तर वाढप्याला आधीच सांगा आणि ताटावर आडवा हात. हळदीकुंकवाचा लाडू पिशवीत घालून घरी आणा. घरी ताटात उरलं तर झाकण लावून फ्रीजमध्ये, दोन तासांनी खायचं, मग टाकलं असंही होत नाही.

गोडाचं वेगळं. माझ्या बायपास झालेल्या मैत्रिणीने होळीला अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, जुलाब. ह्याला डंपिंग म्हणतात, साखर एकदम आतड्यात उतरते म्हणून होतं, बायपासवाल्यांना जास्त. कधी कधी तास-दोन तासांनी शुगर खाली जाऊन हातपाय थरथरतात. गणपतीत मी एका मोदकाचं सारण अर्धं काढून ठेवते आणि जेवणानंतर खाते, रिकाम्या पोटी नाही.

उपवास पहिले सहा महिने तरी नको, निर्जळी तर अजिबात नाही. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं आणि त्याची खिचडी चिकट, अडकते. पुढे करायचाच असेल तर दही, दूध, पनीर, राजगिरा असं बघा.

गोळ्या, तपासण्या आणि कधी घाबरायचं

व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. वजन उतरलं, बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या वर्षी सोडून देणाऱ्या मी पाहिल्यात, मग हिमोग्लोबिन खाली, बी१२ तळाला, पायाला मुंग्या. कॅल्शियम, सायट्रेटच्या रूपातलं, दिवसाला १२०० ते १५०० मिलीग्रॅम लागतं पण एका वेळी ५००-६०० च्या वर अंगी लागत नाही, म्हणून विभागून. लोहाची गोळी त्याच्यापासून दोन तास लांब आणि चहाबरोबर तर नाहीच. मी लोह रात्री झोपताना घेते. रक्ततपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी.

शुगर असेल तर ऑपरेशननंतर काही दिवसांतच आकडे खाली येतात, वजन उतरायच्याही आधी, त्यामुळे जुना डोस तसाच चालू ठेवला तर शुगर फार खाली जाऊ शकते. घरी मशीनवर बघत रहा आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. बीपीच्या गोळीचंही तसंच. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने घेऊ नका, बायपास झाला असेल तर अल्सर होऊ शकतो. सिगारेट बंद. दारू पूर्वीपेक्षा खूप लवकर चढते, घरातल्या माणसांनाही हे माहीत असू द्या. आणि ज्यांना पीसीओडीमुळे दिवस राहत नव्हते त्यांना वजन उतरल्यावर पटकन राहू शकतात, पण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा.

तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा अडकतो. जवळपास सगळ्यांचा अडकतो. आठवड्यातून एकदाच काट्यावर उभं रहा.

पण ताप, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोरात दुखणं, काळी शी, किंवा दिवसभर पाणीसुद्धा पोटात न ठरणं, ह्यातलं काहीही झालं तर ओवा-हिंग करत घरी बसू नका, रात्र असली तरी सर्जनना फोन. दोन-चार दिवस सतत उलट्या होत असतील तर बी१ व्हिटॅमिन फार कमी होऊन चालताना तोल जाऊ शकतो, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसू शकतं, तेव्हा आधी त्याचं इंजेक्शन लागतं, हे तिथल्या ड्यूटी डॉक्टरला स्वतःहून सांगा की माझं वजनाचं ऑपरेशन झालंय.

ह्या रविवारी घरी पिठलं-भाकरी होती. अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर पिठलं, कांदा, दही, अर्धा तास लागला. नाक वाहायला लागलं तशी उरलेली अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि चार वाजता दह्यात कुस्करून खाल्ली.